टेकूचं बक्षीस

उस्मानभाई,

यंदाचे हॉलिवूडचे सोनेरी पैलवान वाटून झाले. तुम्हांला जाऊन आठवडाही झाला नव्हता, त्यामुळे बघू की नको असं झालं होतं; पण इतक्या वर्षांची सवय, पहाटे जाग आली ती आलीच. घरच्यांची झोपमोड नको म्हणून टीव्हीचा आवाज बंद केला आणि सोफ्याच्या कडेला बसलो. सपोर्टिंगचं नाव पुकारलं, एक पांढऱ्या केसांचा माणूस घाईघाईने पायऱ्या चढला, आणि मी डावीकडे मान वळवून म्हणालो, "घ्या, तुमचा माणूस गेला वर." डावीकडे माझ्या पोरीचं, ऋताचं दप्तर होतं. पुढचं मी बघितलं नाही. टीव्ही बंद करून चहा टाकला.

गेलेल्या माणसाबद्दल लिहिताना लोक जन्म, गाव, नोकरी, मागे कोण कोण, असं लिहितात. तुमच्याबद्दल तसं लिहायला बसलो तर दोन ओळींत संपेल. दापोलीकडचे उस्मानभाई, दुबईत शटरिंग कारपेंटर, जन्मभर स्लॅबखाली टेकू लावले आणि काढले. तुम्ही म्हणाला असतात, "मग अजून काय पायजे?" मला पाहिजे. आपलं भांडण अर्धवट राहिलंय आणि तुम्ही मध्येच उठून गेलात. काम अर्धं टाकून उठणं तुमच्या स्वभावात नव्हतं, म्हणून जास्त राग येतो.

भांडण तरी कसलं, तर हॉलिवूडच्या बक्षिसांत मोठं कोणतं, याचं. दुसऱ्या कुणाला सांगितलं तर हसतील. अल क्वोजच्या कॅम्पातले दोन कामगार, एक साताऱ्याकडचा, एक कोकणातला, आणि वाद कशावर घालतात, तर गोऱ्यांच्या नाटकावर.

पण त्याला कारण ते शुक्रवार. तुम्ही जुम्म्याची नमाज पढून यायचात, तोवर मी भात आणि मच्छीचं सार करून ठेवायचो, आणि त्याला मीठ कमी आहे असं तुम्ही न चाखताच सांगायचात. जेवणं झाली की दुबईच्या इंग्रजी चॅनलवर जुना काळा-पांढरा सिनेमा लागायचा. खोलीतले बाकीचे झोपायचे, नाहीतर कपडे धुवायला जायचे. बघणारे आपण दोघंच. तेही कसं बघणं. इंग्रजी मला कागदावर कळायचं, गोऱ्याच्या तोंडातून निघालं की कळायचं नाही. पडद्याखाली अरबी अक्षरं यायची; ती तुम्हांला मदरशात शिकल्यामुळे घडाघडा वाचता यायची, पण अर्थ लागायचा नाही. दोघांत मिळून एक सिनेमा जेमतेम समजायचा.

नटांची नावं जिभेवर बसेनात म्हणून बारसं आपणच केलं. ओठ न हलवता बोलायचा तो टोपीवाला. दारातून येताना वाकायचा तो लंबू. नाक वर करून जिना उतरायची ती मामलेदारीण, आणि जिच्याकडे बघताना तुमचा चहा गार व्हायचा ती डोळेवाली. ती पडद्यावर आली की तुम्ही खोलीतला पंखा कमी करायचात, का ते मला कधीच कळलं नाही. मी पक्का टोपीवाल्याचा माणूस. त्याने नुसती काडी ओढून सिगारेट पेटवली तरी मला भरून यायचं. तुम्हांला मात्र हिरोत रसच नव्हता.

"बोलतोय त्याच्याकडं काय बघतोस?" तुम्ही म्हणायचात. "ऐकतोय त्याच्याकडं बघ."

तो दारुड्या डॉक्टरचा सिनेमा आठवतो का? टोपीवाला डोळेवालीला सांगत असतो की उद्याच्या बोटीने मी जाणार आणि परत येणार नाही. लांबलचक बोलतो. मी रुमाल काढला होता. तुम्ही माझा गुडघा हलवलात आणि मागच्या टेबलाकडे बोट दाखवलंत. तिथे गावचा म्हातारा डॉक्टर बसलेला.

"ग्लास बघ त्याचा. उचललाय, पन पीत नाय. ठेवत पन नाय."

खरंच, टोपीवाल्याचं बोलणं संपेपर्यंत त्या म्हाताऱ्याचा ग्लास हवेत होता. ती बाई रडत निघून गेली, दार लागलं, आणि मग त्याने तो ग्लास न पिता हळूच टेबलावर ठेवला.

"अख्खा सीन त्या ग्लासावर उभा हाय, मोहित्या."

"उस्मानभाई, शब्द कळत नाहीत म्हणून तुम्ही ग्लास बघत बसता."

"तुला शब्द कलले? सांग मग, काय बोलला तो."

मी रुमालाची घडी घालून खिशात ठेवली. तुम्ही सार वाढून घेतलंत आणि वर मिठाचं परत बोललात. टोपीवाला मोठा की डॉक्टर, हे आपलं अजून ठरलेलं नाही. मी माझं मत बदललेलं नाही, हे लक्षात असू द्या.

आता ती पहाट. मी तेव्हा असिस्टंट टाइमकीपर होतो, हजेरी मांडणाऱ्याच्या हाताखालचा. जुना टाइमकीपर कायमचा गावी गेला आणि ती जागा मलाच मिळणार असं ऑफिसात जो तो म्हणत होता. मी उतावळा, घरी फोन करून सांगून मोकळा झालो. बायकोने आळीत पेढे वाटले. आणि कंपनीने बाहेरून माणूस आणला. मी होतो तो असिस्टंटच. घरी कोणत्या तोंडाने सांगायचं, या विचाराने मी रात्रभर कूस बदलत होतो, आणि सकाळ व्हायच्या आत ठरवलं की साइटवर जायचंच नाही. ऑफिसात जमा असलेला पासपोर्ट मागायचा, खलास, गावी जायचं. तुम्हांला एवढंच म्हणालो, "मी आज बसमध्ये येत नाही." तुम्ही काही विचारलं नाहीत. "बस येईपर्यंत चाय तरी पी," म्हणालात आणि गेटसमोरच्या मलबाऱ्याच्या कॅफेटेरियात घेऊन गेलात.

त्याच्याकडे डिश होती. टीव्हीवर एक झगझगीत स्टेज, कोट घातलेली माणसं, आणि कुणाच्या तरी हातात तो सोन्याचा उघडाबंब पुतळा. "हा पैलवान कसला?" तुम्ही विचारलंत, आणि त्याचं नाव पैलवान पडलं ते कायमचं. मलबाऱ्याने सांगितलं की हॉलिवूडचं बक्षीस आहे, दर वर्षी देतात. पडद्यावर एक वयस्कर नट डोळे पुसत होता. खाली अक्षरं आली ती मी वाचली: बेस्ट सपोर्टिंग अ‍ॅक्टर.

"सपोर्टिंग म्हंजे आपला सपोर्ट? जॅक? टेकू?"

"तेच. हिरोच्या हाताखालचा," मी म्हणालो. आवाज माझाच मला कडू लागला. "असिस्टंट समजा."

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मग उठून गल्ल्यावर गेलात, मलबाऱ्याशी हिंदीत काहीतरी बोललात, आणि दोन चहा घेऊन परत आलात.

"विचारलं मी त्याला. हेच सगल्यात मोठं. म्हणून तर पयलं देतात. लग्नात मानाचा आहेर आधी करतात की शेवटी?"

"असं कसं असेल? हिरो मोठा की सपोर्टिंग?"

"स्लॅब मोठा की टेकू? टेकू काढ आणि मग स्लॅबला विचार."

मी म्हणालो, हे बांधकाम नाही, सिनेमा आहे. तुम्ही म्हणालात, सिनेमाही कुणीतरी उभाच करतो ना. मी आणखी काही म्हणणार एवढ्यात बसचा हॉर्न वाजला. तुम्ही बोलत बोलत बसमध्ये चढलात आणि मी वाद पुरा करायला तुमच्या मागून. रास अल खोरची साइट येईपर्यंत आपण भांडत होतो. पासपोर्टाचं राहूनच गेलं.

पुढे दर वर्षी ती पहाट आपण पाळली. मी म्हणायचो, मोठी बक्षिसं शेवटी देतात, पण दाखवणार कसा? सपोर्टिंगचं झालं की बस हजर. इतक्या वर्षांत हिरोला पैलवान मिळताना आपण कधी बघितलाच नाही. तुम्ही म्हणायचात, "देत असतील बाकीच्यांना पन, मागाहून. उरलेले." मी चिडायचो, आणि खरं सांगायचं तर हळूहळू माझीही खात्री डळमळायला लागली होती.

एकदाच तुम्ही बस सोडलीत. त्या वर्षी सुरुवातीलाच एका म्हाताऱ्याला स्टेजवर आणलं. हातात काठी, मान हलत होती, एक बाई दंड धरून चालवत होती. सगळा हॉल उभा राहिला. मला कोण ते कळलं नाही. तुम्ही मात्र वाकून बघितलंत, म्हातारा पडद्यामागून येताना दाराच्या चौकटीपाशी सवयीने वाकला होता.

"मोहित्या, आपला लंबू."

"नाही हो."

"अरे लंबू. गेल्या शुक्रवारी घोड्यावरनं उडी मारली याने."

जन्मभराच्या कामाचं बक्षीस होतं ते. शुक्रवारी जवान आणि त्या सकाळी असा. आपल्यासाठी मधली सगळी वर्षं त्या एका आठवड्यात गेली होती. तुम्ही कॅफेटेरियात उभे राहिलात, त्या हॉलमधल्या लोकांबरोबर. बाहेर बस हॉर्न देत होती, ड्रायव्हर ओरडत होता, "यल्ला, यल्ला", आणि तुम्ही हात बांधून उभे. लंबू खाली उतरेपर्यंत तुम्ही हलला नाहीत. मग आपण टॅक्सीने साइटवर गेलो आणि बोलणी खाल्ली. वाटेत तुम्ही एवढंच म्हणालात, "यानं कितीजनींना हात दिला असंल घोड्यावरनं उतरायला. आता बघ." मला त्या दिवशी तुमच्याशी वाद घालावासा वाटला नाही.

साइटवर तुम्ही असेच होतात. स्लॅब भरून झाला, वरून वाळला, की फोरमन मागे लागायचा, "उस्मान, जॅक खोलो, दूसरी तरफ चाहिए." तुम्ही स्लॅबखाली जायचात, हातोडीच्या दांड्याने ठकठक करायचात आणि मान हलवायचात. "ऊपर से सूखा है, पेट में गीला है. इन्शाल्ला दो दिन बाद." तो चिडायचा, शिव्या द्यायचा. तुम्ही ऐकून घ्यायचात आणि टेकू तसेच ठेवायचात. मी टाइमशीट घेऊन बाजूला उभा असायचो. मला तो हट्ट वाटायचा, आणि हसूही यायचं.

मग माझा फॅमिली व्हिसा झाला. बायको आणि ऋता आल्या, मी कॅम्प सोडून शारजाला एका खोलीत संसार मांडला. ऋता इथल्या शाळेत जायला लागली आणि आमच्याशी इंग्रजीत बोलायला लागली. एकदा मी तिला सहज विचारलं, तर पोरगी वहीतून मानही वर न करता म्हणाली, "बाबा, सपोर्टिंग मीन्स साइड रोल. बेस्ट अ‍ॅक्टर इज द मेन वन. एव्हरीवन नोज दॅट."

मला झालेला आनंद काय सांगू. इतक्या वर्षांचा वाद मी जिंकलो होतो. येत्या शुक्रवारी ऋताला घेऊनच कॅम्पावर यायचं, तिच्या तोंडून तुम्हांला ऐकवायचं, असं ठरवलं. पण तिचा क्लास निघाला आणि मी एकटाच आलो. तुम्ही कॉटवर बसून सिनेमा बघत होतात. डोळेवाली आरशासमोर रडत होती. मी दारात चपला काढतोय तर तुम्ही मागे न बघताच म्हणालात, "मोहित्या, लवकर ये. मागं ती मोलकरीन बघ. कोट धरून उभी हाय. बाईला घालू की नको, तिला कलत नाय. हात बघ तिचे."

मी बघितले. ते हात मला अजून दिसतात. आणि मी जे सांगायला आलो होतो ते गिळलं. माणसाने उभा जन्म टेकू लावण्यात घालवला, घरी भावांची घरं उभी केली, बहिणींची लग्नं केली, स्वतः कॉटवर राहिला. त्याला मी जाऊन सांगू की गोरे लोक टेकूला दोन नंबरचं समजतात? मनात म्हटलं, राहू दे. याचा एवढा विश्वास आहे, आपलं काय जातं? तेव्हापासून मी वाद हरल्यासारखा घालायला लागलो. या चांगुलपणाचं मला स्वतःशीच कौतुकही वाटायचं, उस्मानभाई. तुम्हांला सांभाळून घेतोय असं वाटायचं.

गेल्या वर्षी तुम्ही कायमचे गावी निघालात तेव्हा कॅम्पाने ट्रॉफी द्यायची ठरवली. देरा बाजारातल्या दुकानात जाऊन मी पैलवानाशी जरा मिळतीजुळती मूर्ती निवडली. खाली काय कोरायचं यावर मात्र अडलो. 'बेस्ट अ‍ॅक्टर' लिहिलं तर तुमच्या हिशेबाने ते खालचं. 'सपोर्टिंग' लिहिलं तर ऑफिसातले हसणार. कोरणारा अक्षरांवर पैसे घेत होता. तो म्हणाला, "भाईसाब, अ‍ॅक्टर लिखवाओ, सपोर्टिंग महंगा पडेगा." मी म्हणालो, महाग तेच कोरा.

निरोपाच्या दिवशी इंजिनिअर साहेबांनी ती हातात घेऊन वाचली आणि हसले. "सपोर्टिंग क्यों? बेस्ट अ‍ॅक्टर क्यों नहीं लिखवाया?" मी घाईने म्हणालो, "सर, यही बड़ा होता है." तुम्ही माझ्याकडे बघितलंत. त्या कॅफेटेरियात बघितलं होतं तसंच. मग हसलात आणि ट्रॉफी काखेत मारलीत. "बरोबर बोलला," तुम्ही म्हणालात.

शेवटचा फोन तुमचा दोन महिन्यांपूर्वीचा. छातीत दुखतं हे तुम्ही सांगितलं नाहीत. आंब्याला मोहर बरा आलाय हे सांगितलंत. मी म्हणालो, आता मला बस नाही, यंदा पैलवान शेवटपर्यंत बघून तुम्हांला सगळं सांगतो. तुम्ही म्हणालात, "शेवटचं कशाला? सपोर्टिंगचं सांग, बस." मी विचारलं, "टोपीवाला की डॉक्टर, काय ते एकदा ठरवून टाका." तुम्ही म्हणालात, "ते समोरासमोर." मग लाइन तुटली, की तुम्हीच फोन ठेवलात.

तुमच्या मिट्टीला, दफनाला, मला येता आलं नाही. रजा नव्हती, असती तरी वेळेत पोचलो नसतो. काल इम्तियाजला फोन केला. तुमचा पोरगा शहाणा आहे, आवाजही तुमचाच आहे. मी त्याला ट्रॉफीचं विचारलं. टीव्हीवर ठेवलीय म्हणाला. मग म्हणाला, "काका, एक सांगू? अब्बांनी सांगू नको म्हटलं होतं. पन आता ते नायत."

"सांग ना."

"ट्रॉफी आली तेव्हा मी वाचून बोललो, अब्बा, हे तर दोन नंबरचं बक्षीस. अब्बा हसले. बोलले, मला पयल्या दिवसापास्नं म्हाईत हाय, मलबाऱ्यानं तेव्हाच सांगितलेलं."

मला ती पहाट दिसली. गल्ल्यावर वाकलेले तुम्ही, आणि दोन चहा घेऊन परत येणारे तुम्ही. तुम्ही ते कशासाठी केलंत हे कळायला मला इतकी वर्षं लागली. टाइमशीट सांभाळणारा मी, स्लॅबखाली कोण उभा आहे ते मला दिसलं नाही.

"मग मला का सांगितलं नाही रे त्यांनी?" मी विचारलं. विचारायला पाहिजे होतं असं नाही.

"मी पन तेच बोललो. तर बोलले, मोहित्याला कलू देऊ नको. त्याचा स्लॅब अजून पेटात ओला हाय." मग त्याने विचारलं, "काका, कुठला स्लॅब?"

मी त्याला सांगितलं, जुन्या साइटवरचा आहे, कधीच वाळला तो. पोराला उगाच काळजी नको. उस्मानभाई, तुम्हांला खरं सांगतो, अजून नाही वाळला.